'अनुसमर्थन' म्हणजे पाठिंबा नव्हे

प्रश्न असा आलाय की छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारतानं सही केलीय पण 'अनुसमर्थन' केलेलं नाही असं बातमीत वाचलं, तर सही केली म्हणजे समर्थन दिलंच ना, मग हे वेगळं काय?

गोंधळ शब्दानंच घातलाय. 'समर्थन' म्हटलं की आपल्याला पाठिंबा आठवतो, इथे त्याचा संबंध नाही. 'अनु' म्हणजे मागाहून. आधी सही होते, मग देश आपापल्या पद्धतीनं, कुठे संसदेत कुठे मंत्रिमंडळात, मंजुरी घेतो आणि 'हे आम्हाला बंधनकारक' असं रीतसर कळवतो, ते अनुसमर्थन. या करारावर भारताची सही 1997 ची, पुढची पायरी बाकीच आहे. अमेरिकेनं बालहक्क करारावर 1995 ला सही केली, तिथेच थांबली. अर्थात नुसती सही अगदीच फुकट जात नाही, करार ज्यासाठी केलाय त्यालाच सुरुंग लावायचा नाही एवढं बंधन येतं.

मला विचाराल तर बोलताना 'शिक्कामोर्तब' म्हणावं. शिवकालीन पत्रांत शिक्का वर आणि मोर्तब शेवटी असायचं, म्हणजे मजकूर संपला, आता खाली कुणी काही घुसडायचं नाही. पण हल्ली उमेदवारीपासून युतीपर्यंत कशावरही शिक्कामोर्तब होतं, त्यामुळे कायद्याच्या मजकुरात अनुसमर्थनच ठेवा.

आणि जाहीरनामा आणि करार यांत गल्लत करू नका. 10 डिसेंबर 1948 चा मानवी हक्कांचा आहे तो जाहीरनामा, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत 48 मतांनी मंजूर झाला, विरोधात एकही नाही, 8 देश तटस्थ, त्याला अनुसमर्थन वगैरे लागतच नाही आणि म्हणूनच तो करारासारखा बांधून घेत नाही. ते काम 1966 च्या दोन करारांनी केलं, एक नागरी-राजकीय हक्कांचा आणि दुसरा आर्थिक-सामाजिक-सांस्कृतिक हक्कांचा, पण प्रत्येकाला 35 देशांची मान्यता हवी होती, ती जमून ते लागू व्हायला 1976 उजाडलं! भारत दोन्हींत 1979 ला आला.

बरं, अनुसमर्थन झालं म्हणजे तुम्ही करार घेऊन थेट कोर्टात जाऊ शकता असंही नाही. नेदरलँड्समध्ये कराराची कलमं थेट लागू होऊ शकतात, आपल्याकडे मात्र साधारणपणे संसदेला कायदा करावा लागतो, राज्यघटनेचा अनुच्छेद 253 त्यासाठीच आहे. तरी कोर्टं मधली वाट काढतात. महिलांवरच्या भेदभावाविरुद्धच्या कराराचं अनुसमर्थन भारतानं 1993 ला केलं होतं, कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळावर वेगळा कायदा नव्हता, तर 1997 च्या विशाखा निकालात सुप्रीम कोर्टानं घटनेतले मूलभूत हक्क त्या कराराच्या उजेडात वाचले आणि मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. कायदा यायला 2013 लागलं.