उल्का, उल्कापात की अशनी?

रात्री आकाशातून एखादा लखलखीत प्रकाशगोळा मागे शेपूट सोडत निघून गेला, तर ‘उल्का दिसली’ म्हणावे, ‘उल्कापात झाला’ म्हणावे की ‘अशनी पडला’ म्हणावे, असा प्रश्न एका वाचकाने विचारला आहे. बातम्यांमध्ये हे तिन्ही शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात, त्यामुळे ही शंका अगदी रास्त आहे.

आकाशात जी जळती रेघ दिसते ती उल्का, ती पडण्याची घटना म्हणजे उल्कापात, आणि वातावरणात पूर्ण न जळता जो दगड किंवा लोहाचा तुकडा जमिनीवर येऊन पोहोचतो तो अशनी. बहुतेक उल्का जमिनीपासून सुमारे ५० ते ९५ किलोमीटर उंचीवरच विझतात. म्हणून तुकडा सापडल्याशिवाय ‘अशनी’ हा शब्द वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. उल्का शुक्रापेक्षाही तेजस्वी असेल, तर तिला ‘अग्निगोल’ म्हणणे अधिक नेमके ठरते.

हा भेद केवळ आधुनिक परिभाषाकारांनी पाडलेला नाही. वराहमिहिराच्या बृहत्संहितेतील उल्कालक्षणाध्यायात धिष्ण्या, उल्का, अशनि, विद्युत् आणि तारा असे पाच प्रकार दिले आहेत. त्यातली उल्का डोक्याकडे रुंद, शेपटीकडे निमुळती आणि पडता पडता वाढत जाणारी आहे. अशनि मात्र प्रचंड आवाज करत माणसे, हत्ती, घोडे, घरे, झाडे यांच्यावर कोसळते आणि जमीन विदीर्ण करते. संस्कृतात ‘अशनि’ म्हणजे वज्र किंवा वीज असा अर्थ रूढ असला, तरी जमिनीवर आदळणाऱ्या वस्तूसाठी मराठीने हाच शब्द घेतला, हे मला फार समर्पक वाटते. या यादीतली ‘तारा’ हातभर लांब असून आकाशात तिरपी, खाली किंवा वरही जाते. आपण ‘तारा तुटला’ किंवा ‘तारा निखळला’ म्हणतो, तेव्हा डोळ्यांसमोर असते ते दृश्य याहून फारसे वेगळे नसते. बोलण्यात हे प्रयोग खुशाल करावेत. खरा तारा तुटत नाही म्हणून त्यांना अशुद्ध ठरवण्याचे कारण नाही.

‘उल्कापात’ म्हणजे अनेक उल्का पडणे, असा एक समज आढळतो. ‘पात’ म्हणजे पडणे. त्यात संख्या सांगितलेली नाही, त्यामुळे एकच उल्का पडली तरी तो उल्कापातच. ऑगस्टच्या मध्याला ययाती तारकासमूहाच्या दिशेने किंवा डिसेंबरच्या मध्याला मिथुन राशीतून येताना दिसतात, तशा पुष्कळ उल्का असतील तर ‘उल्कावर्षाव’ म्हणावे.

बुलढाणा जिल्ह्यातले लोणारचे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर ‘उल्कापाताने झाले’ असे पुष्कळदा लिहिले जाते. बेसॉल्टच्या खडकात एवढा खड्डा पाडणारी वस्तू जमिनीपर्यंत पोहोचली होती, तेव्हा तिथे ‘अशनीपात’ किंवा ‘अशनीचा आघात’ हवा. रशियातल्या चेल्याबिन्स्क शहरावर १५ फेब्रुवारी २०१३ रोजी दिसला तो अग्निगोल होता. त्याच्या स्फोटाच्या हादऱ्याने काचा फुटून हजाराहून अधिक माणसे जखमी झाली. पुढे चेबारकुल सरोवरातून जो मोठा तुकडा वर काढला, तो अशनी.

आपल्याकडे या शब्दांची कसोटी लागली ती २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या रात्री. विदर्भासह महाराष्ट्राच्या अनेक भागांतून प्रकाशाचा एक पट्टा सरकताना दिसला आणि अनेकांनी त्याला लगेच उल्कापात म्हटले. परंतु तो पट्टा डोळ्याने सहज माग काढता येईल इतक्या संथपणे चालला होता, त्याचे तुकडे एकामागोमाग एक रांगेने जात होते, आणि चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी येथे धातूचे एक मोठे कडे पडलेले सापडले. उल्का वातावरणात शिरते ती सेकंदाला किमान ११ किलोमीटर वेगाने आणि बहुधा क्षणार्धात संपते; पृथ्वीभोवतीच्या कक्षेतून ढळलेली वस्तू सेकंदाला आठ किलोमीटरच्या आसपास वेगाने येते, म्हणून बराच वेळ दिसत राहते. ते एका चिनी अग्निबाणाचे अवशेष असल्याचा निष्कर्ष अभ्यासकांनी काढला. अशा वस्तूला ‘उल्का’ही म्हणू नये आणि ‘अशनी’ही, ‘अग्निबाणाचे अवशेष’ किंवा ‘अवकाश कचरा’ म्हणावे. आणि काय होते ते ठरेपर्यंत बातमीत ‘तेजस्वी प्रकाशगोळा दिसला’ एवढेच लिहावे.