सफरचंद, पण शिजवून

अगं, जर्मनीहून दादरला परत आलीस म्हणजे तिथल्या बर्च झाडाच्या परागाच्या अ‍ॅलर्जीतून सुटलीस असं नाही. बर्चची झाडं मुंबईत नाहीत, पण त्या परागातलं प्रथिन तुझ्या शरीराने शत्रू म्हणून ओळखून ठेवलंय, आणि सफरचंद, पीच, चेरीतलं प्रथिन जवळपास तसंच असतं. म्हणून ही फळं कच्ची खाल्ली की ओठ चुरचुरतात, घसा खाजतो. तेच सफरचंद दालचिनी घालून मऊ होईपर्यंत शिजवलंस, तर बहुतेकांना काही होत नाही. उष्णतेने ते प्रथिन मोडतं. ज्यूसवाल्याकडचं मोसंबीसुद्धा जपून, आधी सफरचंद फिरवलेला मिक्सर कोण धुतंय तिथे! शेंगदाणे, बदामांना मात्र हा शिजवण्याचा नियम लावू नकोस, आधी अ‍ॅलर्जीतज्ज्ञाला दाखव. श्वास लागला, घसा सुजला, चक्कर आली, तर सेट्रिझिन ही अ‍ॅलर्जीची गोळी घेऊन वाट बघत बसायचं नाही. सरळ १०८ लाव.