टोरंटोचा हिवाळा चुकवून मेक्सिकोत बसून काम करायचंय? आधी दिवस मोज

तू विचारलंस, 'ताई, कंपनीने जानेवारी ते मार्च कुठूनही काम करा म्हटलंय, तुम्ही दरवर्षी जाता तसं आम्ही दोघं मेक्सिकोतल्या प्लाया देल कारमेनला जाऊन राहू का?' जा की. पण तुम्ही अजून वर्क परमिटवर आहात. मी पहिल्यांदा गेले तेव्हा हातात पीआर कार्ड, म्हणजे कायम रहिवासाचं कार्ड, होतं, त्यामुळे माझा अनुभव तुला जसाच्या तसा लागू होणार नाही.

पीआरसाठी कॅनडातल्या नोकरीचं एक वर्ष जमवतोयस ना? त्या वर्षात कॅनडाच्या जमिनीवर बसून केलेलंच काम धरतात. पगार टोरंटोच्या कंपनीचा असला तरी मेक्सिकोत बसून काढलेले तीन महिने त्यातून वजा. वर्ष पुरं झालं नसेल तर यंदा गुपचूप बर्फ उपस, पुढच्या वर्षी जा. थंडीला कंटाळून पीआरच्या गुणांचं गणित बिघडवू नकोस.

दुसरी गोष्ट, वर्क परमिट म्हणजे व्हिसा नव्हे. आपल्या भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा किंवा अमेरिकेचा चालू व्हिसा असला, तर मेक्सिकोचा वेगळा काढावा लागत नाही. कॅनडात परत शिरायलाही पासपोर्टवरचा व्हिसा चालूच हवा. परमिट दोन वर्षं शिल्लक आणि व्हिसा केव्हाच संपलेला, असं बऱ्याच जणांचं असतं आणि ते कळतं विमानतळावर. विमान थेट जवळच्या कॅनकुनचं घे, चार-साडेचार तास लागतात. चार पैसे वाचवायला अमेरिकेतून गेलास तर नुसतं विमान बदलायलासुद्धा त्यांचा व्हिसा लागेल. मेक्सिकोत जास्तीत जास्त 180 दिवस मिळतात, पण अधिकारी कमीही देऊ शकतो. काउंटर सोडण्याआधी किती दिवस दिलेत ते वाच.

कंपनीकडून देशाचं नाव घालून लेखी घे. माझ्या तेव्हाच्या मॅनेजरने हसत हसत 'कुठूनही' म्हटलं होतं. शनिवारी पोचले, सोमवारी सकाळी लॅपटॉप लॉक! आयटीवाल्यांच्या 'कुठूनही'त मेक्सिको नव्हतं. दोन दिवस बिनपगारी रजा गेली.

वेळेचं मात्र सुख आहे. प्लाया ज्या राज्यात आहे त्या क्विंताना रूने 2015 साली घड्याळ बदललं, तेव्हापासून हिवाळाभर तिथली आणि टोरंटोची वेळ एकच. मार्चच्या दुसऱ्या रविवारी आपण घड्याळ पुढे करतो, ते करत नाहीत. मग नऊची मीटिंग तिथे आठला. पुण्याच्या टीमशी सकाळी नऊला बोललास तर त्यांचे संध्याकाळचे साडेसात.

घर घेताना समुद्र दिसतो का हे शेवटी बघ. पहिल्या वर्षी जाहिरातीत 'फास्ट वायफाय' होतं. राऊटर निघाला तळमजल्यावर, मी तिसऱ्यावर. महिनाभर जिन्याच्या वळणावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसून मीटिंगा केल्या, आणि शेजारीण पाण्याचा वीस लिटरचा गाराफोन घेऊन वर निघाली की दर वेळी पाय पोटाशी घ्यायचे. आता मी घरमालकाला कामाच्या टेबलावरून स्पीड टेस्ट करून स्क्रीनशॉट पाठवायला लावते. 'क्विंता', म्हणजे पाचव्या अ‍ॅव्हेन्यूवर, घर नको, रात्रभर ढणाढणा गाणी. विसाव्या-तिसाव्या अ‍ॅव्हेन्यूच्या बाजूला शांत असतं, भाडंही कमी, आणि समुद्र चालत दहा-पंधरा मिनिटं. प्लग आपल्या टोरंटोसारखेच आहेत, अ‍ॅडॅप्टर नको.

जानेवारीत 'नोर्ते' सुटतो, उत्तरेचा गार वारा. एक-दोन दिवस स्वेटर निघतो, समोरच्या कोझुमेल बेटाची फेरीबोटही कधीकधी बंद पडते. मार्चपासून किनाऱ्यावर सार्गासो नावाचं शेवाळ यायला लागतं, कुजलं की सडक्या अंड्यांचा वास. म्हणून मी मार्चच्या सुरुवातीलाच परतते.

तुम्ही शाकाहारी, तर नुसतं 'सिन कार्ने', म्हणजे मांसाशिवाय, म्हणू नकोस. 'कार्ने' म्हणजे त्यांच्या लेखी बहुतेक वेळा गोमांस, मग खुशाल चिकन घालून देतात. राजमा डुकराच्या चरबीत परततात, तेव्हा 'सिन मांतेका', चरबीशिवाय, हे पाठ कर. बाकी मक्याची गरम तोर्तिया, लिंबू, कोथिंबीर, मिरची, आपल्याला परकं काही वाटत नाही. बाजारात चिकू दिसला तर घे. मूळचा तो तिकडचाच, आपल्या घोलवडला नंतर आला.

आजारी पडलास तर ओहिपवर, म्हणजे ओंटारिओच्या सरकारी आरोग्य विम्यावर, विसंबू नकोस. परदेशी हॉस्पिटलात दाखल झालास तर ते दिवसाला फार तर 400 डॉलर देतात. प्रवास विमा काढ आणि बायकोचा दमा त्यात लिही, लपवू नकोस.

तुझं वर्ष कोणत्या तारखेला भरतंय ते मोजून कळव. जानेवारीआधी भरत असेल तर मी गेल्या वर्षी राहिले त्या घरमालकिणीचा नंबर देते. तिला इंग्रजी येत नाही, पण स्पीड टेस्ट येते.