१२ व्होल्ट विभवांतरातून (दोन बिंदूंमधल्या विद्युत विभवाच्या, म्हणजे विजेच्या ‘दाबा’च्या फरकातून) ५ कूलोम प्रभार नेला तर कार्य किती? आणि प्रभारच दिला नसेल तर?

पहिलं सोपं आहे. १ कूलोम प्रभार १ व्होल्टमधून न्यायला १ ज्यूल कार्य लागतं, व्होल्टची व्याख्याच ती. म्हणून कार्य = प्रभार × विभवांतर = ५ × १२ = ६० ज्यूल. वाट सरळ की वाकडी, याने काही फरक पडत नाही.

गाडी अडते ती दुसऱ्या प्रकारात. समजा, स्कूटरच्या १२ व्होल्ट बॅटरीवर दिवा ५ मिनिटं लावला, धारा (वीजप्रवाह) ३ अँपिअर. प्रभार = धारा × वेळ, पण वेळ सेकंदांत! ३ × ३०० = ९०० कूलोम. कार्य ९०० × १२ = १०,८०० ज्यूल. घाईत ३ × ५ = १५ कूलोम लिहिणारी पोरं दरवर्षी भेटतात. मायक्रोकूलोम (कूलोमचा दहा लाखावा भाग) दिसला की १० चा −६ वा घातही तसाच विसरतात.

१०,८०० ज्यूल म्हणजे केवढं? आमच्या सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे बादल्या जिन्यावरून चढवायची सवय असते. १० लिटरची बादली ३ मीटर वर न्यायला साधारण २९४ ज्यूल लागतात (बादलीचं स्वतःचं वजन सोडून). म्हणजे ५ मिनिटांच्या त्या दिव्यात जवळपास ३७ बादल्या वर गेल्या असत्या. मे महिन्यात चढवून बघा!

चिन्हाचं एवढंच: धन प्रभार कमी विभवाकडून जास्त विभवाकडे नेताना कार्य आपल्याला करावं लागतं, उलट दिशेने विद्युत क्षेत्रच ते करतं. इलेक्ट्रॉन ऋण, त्याचं बरोबर उलटं.