पीथमपूरच्या कंपनीकडे जायच्या आधी

ताई, इंदूरच्या सुदामा नगरात तुमच्या मंडळाचा शिलाई वर्ग आहे आणि त्यासाठी जवळच्या पीथमपूर औद्योगिक वसाहतीतल्या कंपनीकडून सीएसआरचे (म्हणजे मोठ्या कंपन्यांना कायद्याने समाजकामावर खर्चावे लागणारे) पैसे कसे मिळतील असं विचारलंत, मी या भानगडीत दहाएक वर्षं आहे म्हणून जरा लांबलचक लिहितोय.

आधी कागद. पुण्याचे नातेवाईक धर्मादाय आयुक्तांकडे जा म्हणतील, ते महाराष्ट्रातलं, ते सोडा, आपल्याकडे मध्य प्रदेशात संस्थेची (सोसायटीची) नोंदणी म.प्र.च्या 1973च्या कायद्याखाली, फर्म्स अँड सोसायटीज रजिस्ट्रारकडे. मग आयकर खात्याच्या दोन नोंदण्या, 12ए (संस्थेला करमाफी) आणि 80जी (देणगीदाराला करसवलत), आणि सीएसआरचे पैसे घेणाऱ्या संस्थेने भरायचा सीएसआर-1 फॉर्म, तो 2021पासून कंपल्सरी आहे. शिवाय तीन वर्षांचं काम दाखवावं लागतं. हे नसेल तर यंदा कंपनीचा नादच सोडा.

दुसरं म्हणजे वेळ. कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के खर्चायचे असतात, त्याचा प्लॅन आधीच ठरतो, म्हणून एप्रिल-मेमध्ये भेटा. फेब्रुवारीत गेलं की उरलंसुरलं पदरात पडतं. आमचं तेच झालं (कंपनीचं नाव नाही घेत). 27 मार्चला टेम्पोतून दहा मशिनी उतरल्या, बॅनर, फोटो, पोहे-जलेबी, सगळं थाटात, आणि सोमवारी बायका शिकायला आल्या तर चार मशिनींना बॉबिन केसच नाही, दोऱ्याला पैसे नाहीत, आणि शिकवणाऱ्या ताईंचं मानधन तर कुणी धरलंच नव्हतं. आठ महिने मशिनींवर चादरी!

तेव्हापासून मी मशीन मागतच नाही. आधी मानधन, मग वीजबिल, रिपेअरिंग, दोरा, मशीन सगळ्यात शेवटी, आणि हे सगळं लेखी. कंपनीवाले म्हणतील ओव्हरहेड (वरखर्च) 5 टक्क्यांच्या वर चालत नाही, तर ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या ऑफिसखर्चाला आहे, तुमच्या बाईंच्या मानधनाला नाही. भांडू नका, पण सांगा.

आणि खरं सांगू का, तुमच्या वर्गाला रेडिमेडवाला छोटा कारखानदार जास्त कामाचा. 5 कोटींचा नफा नाही म्हणजे बहुतेक त्याला तो सीएसआरचा कायदाच लागू नाही, सीएसआर-1 नको, 80जीचं प्रमाणपत्र दिलं की झालं (चेकने घ्या, 2000च्या वर कॅश त्यात चालत नाही). आमचे इंदूरच्या सांवेर रोडचे असे एक कारखानदार आहेत, ते पैसे थोडेच देतात, पण सरावाला कटपीसची पोती पाठवतात आणि पहिल्याच भेटीत म्हणाले, फ्रॉक काय शिकवताय, काज-बटण आणि ओव्हरलॉक शिकवा, मी कामावर घेतो. सहा जणी घेतल्या.

बजेट कच्चं लिहून इथेच टाका, बघतो.