दोन एकर वरकस आणि एकटा साग

प्रश्न : गुहागरजवळ आमची दोन एकर वरकस, म्हणजे भात न होणारी जमीन आहे, उताराची. उन्हाळ्यात उत्तराखंडात राणीखेतला गेलो होतो. तिथलं चीड पाईनचं रान बघून वेड लागलं. इथे पाईन येईल का? नाहीतर सगळीकडे सागच लावावा म्हणतो.
– एक वाचक, गुहागर

उत्तर : चीड हे हिमालयाच्या उतारांवरचं झाड. किनाऱ्यावरच्या दमट उकाड्यात त्याच्यावर पैसे घालवू नका. पण तिथे झाडांखाली काय पडलं होतं ते पाहिलंत ना? वाळलेल्या सुयांचा थर. तिकडे त्याला पिरूळ म्हणतात. त्यात राळ असते, उन्हाळ्यात ठिणगी पडली की डोंगर पेटतो. जाड सालीमुळे मोठा चीड वाचतो, तिथल्याच बांज ओक या रुंद पानांच्या झाडाची कोवळी रोपं मात्र जळून जातात. म्हणजे दर वणव्यागणिक चीड वाढतो आणि गुरांना चारा, शेताला पाल्याचं खत देणारा बांज मागे हटतो.

सागाचं सांगतो ते स्वतःच्या जमिनीवरून. वनखात्यात नोकरी करत असतानाच दापोलीकडे एका एकरात २ मीटर बाय २ मीटरवर हजारभर साग लावला. सरळ ओळी बघून छाती फुगायची. सहाव्या वर्षी पाऊस लागल्यावर अळी पडली आणि आठवड्याभरात पानांच्या नुसत्या शिरा उरल्या. एकाच जातीची झाडं खेटून उभी, अळीला अडवणार कोण? त्याहून वाईट वाटलं ते मातीचं. सागाच्या रुंद पानांवरून टपोरे थेंब पडतात, खाली गवत नव्हतं, उतारावर चर पडले आणि जांभ्याची खडी उघडी झाली. पुढच्या फाल्गुनात सड्यावरून, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावरून वणवा आला, तो वाळल्या पानांवरून सरसर आत शिरला.

एकट्या सागाची निगा सोपी आणि गिऱ्हाईकही एकच, हे खरं. तरी तुमच्या उतारावर मी तो निम्म्याहून कमी ठेवीन. खडकाळ भागात खैर, मधे शिवण, बेहडा, किंजळ, व्हाळाच्या (ओढ्याच्या) कडेला करंज नि जांभूळ, सावली झाली की खाली कोकम. होळीच्या आधी कडेने जाळरेषा, म्हणजे वणवा अडवायला गवत-पाला काढलेला मोकळा पट्टा, काढा. सागाची नोंद सातबाऱ्यावर करून घ्या, तोडताना परवानगी लागते.

आणि जमीन साफ करायला जेसीबी बोलावू नका. कवळ (शेतात भाजायला नेतात त्या पानांच्या फांद्या) तोडून तोडून खुरटलेली ऐन-किंजळाची जुनी खोडं तिथे असणारच. दोन वर्षं कोयता लावला नाही तर त्यांना आपोआप धुमारे फुटतात, रोपाचा खर्चसुद्धा नाही.