उत्तर: केसांवर पीएचडी पुण्यात होईल का?

एमएस्सी झूलॉजी संपत आलंय, केसांवर पीएचडी करायचीय, पुण्यात कुठल्याच वेबसाइटवर 'हेअर सायन्स' असं काही सापडत नाही आणि घरी विचारतात की सलून काढणारेस का, असा तुझा प्रश्न. (अगं-तुगं करतोय, माझी पुतणी तुझ्याच वयाची आहे, चालवून घे.)

त्या नावाने शोधशील तर हाताला काही लागणार नाही, कारण केस हा विषय चार-पाच खात्यांत वाटला गेलाय. डोक्याच्या कातडीखाली आहे तोवर तो बायोलॉजीवाल्यांचा, म्हणजे फॉलिकल (केस जिथून उगवतो ती पिशवी), स्टेम सेल, टक्कल का पडतं वगैरे. बाहेर आला की तो केराटिन या प्रोटीनचा मेलेला धागा, मग तो पॉलिमर आणि टेक्स्टाइलवाल्यांचा. माझं काम दुसऱ्या गटातलं. आमच्या सरांच्या डोक्यावर केस नव्हते आणि डोक्यातही नव्हते, त्यांना फायबर मेकॅनिक्स, म्हणजे धागे ताणले की कसे वागतात ते, हवं होतं, त्यात केस मी घुसवले. तुलाही बहुतेक असंच घुसवावं लागेल.

काम कसं असतं ते ऐक, म्हणजे हौस टिकते का बघ. एक केस घ्यायचा, कागदाच्या छोट्या चौकटीवर दोन्ही टोकं चिकटवायची, मशीनमध्ये लावून चौकटीच्या कडा कापायच्या आणि हळूहळू ओढायचा. पहिले दोनेक टक्के स्प्रिंगसारखा वागतो, मग एकदम सैल सोडल्यासारखा लांबत जातो कारण आतले अल्फा हेलिक्स, म्हणजे प्रोटीनची वेटोळी, उलगडतात, पंचवीस-तीस टक्क्यांनंतर परत ताठ होतो आणि चाळीस-पन्नासला तुटतो. असे शेकडो केस. त्यात केस ओलाव्याने लांबतो, 1783 च्या सुमारास सोश्यूर नावाच्या शास्त्रज्ञाने केसाचाच हायग्रोमीटर (हवेतला ओलावा मोजायचं यंत्र) केला होता तो याच गुणावर, त्यामुळे सगळं 65 टक्के ह्युमिडिटीला ठेवून मोजतात. आमच्या कॅबिनेटचा सेन्सर चुकीचं दाखवत होता हे मला जुलै संपताना कळलं, पुण्याच्या पावसातला दोन महिन्यांचा डेटा गेला कचऱ्यात.

आणि सॅम्पल! नातेवाईक सगळे म्हणतात "आम्ही केसांना काहीच लावत नाही" आणि मेंदी निघते. आईने जमवलेली गुंतवळ मी सुरुवातीला आणली होती, त्यात मुळाकडचं टोक कुठलं तेच कळेना. एक गंमत, केस दोन बोटांत धरून लांबीच्या दिशेने चोळ, तो मुळाच्या बाजूला सरकतो, क्युटिकलच्या, म्हणजे बाहेरच्या थराच्या, खवल्यांमुळे. आत्ता करून बघ.

आता पुण्याचं. तू झूलॉजीची, तर एनसीसीएस (पेशीविज्ञानाची राष्ट्रीय संस्था) आणि आयसर (विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था) इथल्या स्टेम सेल किंवा डेव्हलपमेंटल बायोलॉजीवाल्या लॅब बघ, धागा म्हणून केस आवडत असेल तर एनसीएलमध्ये (राष्ट्रीय रसायन प्रयोगशाळा) पॉलिमरवाले. केसासारख्या गोष्टींत तर मला जास्त वाव दिसतो. कापूस म्हणजे बियाच्या सालीवरची एकच पेशी लांबत जाऊन झालेला केस. खाजकुइलीच्या शेंगेवरचे केस खाजवतात कारण त्यात म्युकुनेन नावाचं एन्झाइम असतं. कासच्या दवबिंदू या कीटकभक्षी वनस्पतीचे चिकट केस किडे धरतात. वनस्पतींकडे वळायला तयार असशील तर आघारकर इन्स्टिट्यूटमध्ये विचार, पण झूलॉजीतून जाताना गाइडशी आधी स्पष्ट बोल. दख्खनी मेंढीच्या लोकरीवर कोणी नीट काम केलं तर मला फार आनंद होईल, लोकरीसाठी ठाण्याला वूल रिसर्च असोसिएशन आहे, कापसाच्या धाग्याला माटुंग्याची सिरकॉट ही संशोधन संस्था.

कंपन्यांकडेही दुर्लक्ष करू नकोस. खोबरेलमुळे धुताना केसातलं प्रोटीन कमी जातं हा 2003 चा गाजलेला पेपर मॅरिकोच्या मुंबईच्या लोकांचा आहे, आज्जीचं म्हणणं मोजून दाखवलं त्यांनी.

बाहेर जायचं तर जर्मनीत आखेनची डीडब्ल्यूआय ही संशोधन संस्था, 1952 ला लोकरीसाठीच सुरू झालेली, पण आता तिथं बरंच वेगळं चालतं, जुन्या नावावर भुलून अर्ज करू नकोस. 

पैशाचं म्हणशील तर आधी नेट परीक्षा देऊन जेआरएफ (संशोधनाची फेलोशिप) काढ, महिना 37,000 (अधिक घरभाडं), आणि स्वतःची फेलोशिप असली की गाइडचा सूर लगेच बदलतो. माणसांचे केस जमवणार असशील तर एथिक्स कमिटीच्या परवानगीचा अर्ज पहिल्याच सेमिस्टरला टाक, आमच्याकडे एकीचे त्यात सात महिने गेले.

गाइडला मेल करताना "मला केसांवर काम करायचंय" असं लिहू नकोस, उत्तर येत नाही, मी अनुभवाने सांगतो. त्यांचा एक पेपर वाच, त्यात केस कुठे बसतो ते तीन ओळीत लिही आणि एखादा स्वतः काढलेला मायक्रोस्कोपचा फोटो जोड. कॉलेजात मायक्रोस्कोपला हात लावू देतात का ते सांग, मग कुठला फोटो काढायचा ते बोलू.